सात लग्नांची गच्ची

गोंदियाहून आलेल्या इंजिनिअरनं गच्चीचा कोपरा फोडला, आत डोकावून पाहिलं आणि तो हसला. ते हसणं टेकचंदजींच्या डोक्यातून अजून जात नव्हतं. "ही एक गच्ची नाही हो, हिच्यावर एकावर एक अजून सात गच्च्या आहेत," तो म्हणाला होता. "कोणी घातल्या एवढ्या?"

कोणी घातल्या म्हणजे? रहांगडाल्यांनी घातल्या. टेकचंदजींचे आजोबा केवळरामजी यांनी दरेकसा स्टेशनासमोर धर्मशाळा बांधली, तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांवर कवेलूंची उतरती छपरं होती. केवळरामजींनी नागपुरात सपाट गच्ची पाहिली आणि हवी तर तशीच, म्हणून हटून बसले. पहिल्याच पावसाळ्यात ती गळली. पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलाचं लग्न होतं. त्यांनी नवरानवरीला दरेकशाला नेलं, दोघांच्या हातून चुन्याचं पहिलं घमेलं टाकून घेतलं आणि गच्चीवर चार बोटं जाडीचा कोबा घातला. गळती थांबली. झालं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलग्याच्या लग्नात, मांडव उतरायच्या आधी, एक थर. गच्ची गळो न गळो. वरचा घालण्याआधी खालचा काढायचा असतो, हे एवढ्या पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नाही. आणि आलं असतं तरी बापाच्या लग्नाचा थर खरवडून त्या जागी आपला कोण घालणार होतं?

भादव्यात त्या गच्चीच्या पुढच्या भागाचा एक तुकडा ओसरीवर कोसळला. चमेली रांजण भरत होती, ती खाली सापडली आणि गेली. चमेली म्हणजे टिकाराम उईकेची बायको. उईक्यांचं घर धर्मशाळेची राखण करत आलेलं, टिकारामच्या बापापासून. त्यानंतर ग्रामपंचायतीनं भिंतीवर लाल अक्षरांत 'धोकादायक इमारत' असं रंगवलं आणि जबाबदारी मालकांची म्हणून कळवून टाकलं. मालकांनी दिवाळी जाऊ दिली, धानाची मळणी जाऊ दिली. आता माघी पौर्णिमा तोंडावर आली होती. कचारगडच्या यात्रेला देशभरातून गोंड भाविक रेल्वेनं दरेकशाला उतरतात, आणि उतरल्यावर समोर दिसते ती धर्मशाळेची ओसरी. खोल्यांना कुलपं घालता येतात. तिन्ही बाजूंनी उघड्या ओसरीला कुलूप कुठे घालणार?

म्हणून आज गोरेगावच्या घरी बसायचं ठरलं होतं. धर्मशाळेची एक वीटही दोन्ही घरांच्या होकाराशिवाय हलवायची नाही, अशी रीत होती. थोरलं घर टेकचंदजींचं. धाकटं घर त्यांच्या भावाचं, दुलीचंदचं; पण दुलीचंद जाऊन आता बरीच वर्षं झाली होती आणि त्या घराचा होकार त्याच्या बायकोच्या, शामकलाच्या हातात होता. तिला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. आज सकाळपासून मात्र तिच्या स्वयंपाकघरात चपलांचा आवाज थांबत नव्हता.

"काकी, तुमी फक्त पाडा म्हना. बाकी मी पायतो," रूपेश म्हणाला. टेकचंदजींचा हा मुलगा तांदळाचा व्यापारी; दिवसभर भावावरून घासाघीस करणारा, पण बापापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"तुह्या बाबाले तूच सांग ना." शामकला पोह्यांसाठी कांदा चिरत होती.

"मी तोंड उघडलं का ते म्हन्तेत, वरचा थर तुह्याच लग्नाचा, अन् तूच पाडाची गोष्ट करून राहिला."

ते खरंच होतं. शेवटचा थर रूपेशचा. लग्नाच्या फोटोत उठून दिसावं म्हणून त्यानं हौसेनं चुन्यात नीळ मिसळून घेतली होती. संध्या, त्याची बायको, शालूवर निळे शिंतोडे घेऊन हसत होती, तो फोटो अजून बैठकीत होता. भादव्यात बातमी कळल्यावर तो सगळ्यांत आधी दरेकशाला पोचला. चमेलीला तोवर बाहेर काढलं होतं. ती पडली होती तिथे ढिगात निळे तुकडे होते. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याला ती धर्मशाळा जमिनीवर नको होती, बस. इंजिनिअर आणला तो त्यानंच, पैसेही त्यानंच दिले, आणि आता काकीच्या पाया पडायचीही त्याची तयारी होती.

शामकलानं सुरी बाजूला ठेवली. "त्यायचा थर पन जाईल ना रे?"

'त्यायचा' म्हणजे दुलीचंदचा. रूपेशच्या थराखालचा.

"जाईल, काकी."

"जाऊ दे मंग. चमेलीसारखी बाई गेली, तिथं आपल्या चुन्याचं का घेऊन बसाचं." ती डोळे पुसत म्हणाली, आणि कांद्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. "म्हन्तो मी पाडा. भाऊजींपुढं म्हन्तो."

दारात उभ्या दुर्गेश्वरीनं आईचं बोलणं ऐकलं. शामकलाची ही एकुलती एक मुलगी. गोंदियात बँकेत होती, फाल्गुनात कामठ्याच्या घरी जायची होती. लग्न तोंडावर, आणि घरात रोज वाद फक्त गच्चीचा. तिला वाटलं, आज संपलं एकदाचं.

अंगणात उन्हाला खुर्च्या टाकल्या होत्या. टिकाराम पहाटेची गाडी आणि मग एसटी करून आला होता. "सेवा जोहार" म्हणून तो खुर्चीच्या टोकाशी टेकला. भादव्यानंतर तो पार खंगला होता. संध्यानं दिलेला चहा त्यानं दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

टेकचंदजींनी घसा साफ केला. त्यांनी काय बोलायचं ते आधीच ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्यांना आपलं फार मोठं मन वाटलं होतं.

"टिकाराम, हे पाय. आमी आपसात भांडत बसन्यापरीस तूच सांग. तुह्या घरचं मानूस गेलं. तू पाडा म्हनशील त मी एक शब्द बोलत नाई."

टिकारामनं चहा खाली ठेवला.

"मी कायले सांगू जी?"

"तुह्या शब्दाले मान हाय म्हनून विचारून राहिलो."

"मान नाई हा." तो शांतपणे म्हणाला. "मी पाडा म्हनलो त उद्या तुमी गावभर सांगसान, टिकारामनं पाडाले लावली. पाडू नोका म्हनलो, अन् कोनी मेला, त तो माह्या जिवावर. माही बायको गेली, तेवढं मले पुरे. धर्मशाळा तुमची हाय. तुमीच ठरवा."

असं तोंडावर बोललेलं टेकचंदजींना सवयीचं नव्हतं. ते खुर्चीत सरकून बसले. रूपेशनं संधी साधली आणि इंजिनिअरचं म्हणणं पुन्हा सुरू केलं. सागाच्या तुळया भिंतीत शिरतात तिथे कुजल्यात. वरचा भार डबल नाही, चौपट आहे. दुरुस्तीसाठी वर माणूस चढवणंसुद्धा रिस्क आहे.

"भार, भार," टेकचंदजी उसळले. "थरानं छत पक्कं होते. सगळ्या जिल्ह्याले माहीत हाय. एवढे पावसाळे कशाच्या जोरावर काढले त्यानं? त्या पोट्ट्याले का समजते? कालचा शिकलेला, हसून राहिला मले."

"मोठे बाबा, तो हसला ते चुकलंच," दुर्गेश्वरी म्हणाली. "पण भार त भारच असतो ना. माणूसपण किती घेईल डोक्यावर?"

तिच्यावर टेकचंदजी उसळले नाहीत. ही पोर त्यांची लाडकी होती. आणि खरं म्हणजे तिचं म्हणणं त्यांनी स्वतः पडताळून पाहिलं होतं. इंजिनिअर गेल्यावर ते एकटेच आत गेले होते, स्टुलावर चढले होते आणि तुळईच्या टोकाला अंगठा लावला होता. अंगठा लाकडात गेला होता. त्या दिवसापासून त्यांचा विचार एका जागी यायचा आणि चिखलात बैल बसावा तसा बसायचा. थर हेच ओझं असेल, तर चमेलीच्या अंगावर पडलं ते काय होतं? त्यांच्या घरची लग्नं होती. रूपेशच्या वेळी टिकाराम म्हणाला होता, मालक, आवाज येते तुळईतून. आणि शुभ कामात मोडता घालू नोको म्हणून त्याला कोणी गप्प केलं होतं?

त्याच्या पुढे ते जात नसत.

"काकी," रूपेश म्हणाला, "तुमचं का म्हननं हाय ते सांगा बाबाले."

शामकलानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मोठ्या दिराशी ती कधी डोळे वर करून बोलली नव्हती. तिनं तोंड उघडलं, आणि टेकचंदजींनी तिच्याआधी बोलायला सुरुवात केली.

"थांब, शामकला. तू बोलन्याआधी माहं आयक. दुलीचंद दवाखान्यात होता तवा मले म्हनला होता, दादा, माहं घर इथंच संपलं. मी त्याले काईच बोललो नाई. तवापासून मले ते टोचून राहिलं." त्यांचा आवाज ओला झाला होता, आणि ते सोंग नव्हतं. "पोरीचा थर आपल्यात कोनी घातला नाई. मी घालतो. फाल्गुनात दुर्गेश्वरी अन् जावई दरेकशाले जातीन, अन् धाकट्या घरचा थर पडल. दुलीचंदच्या नावानं."



शामकला 'पाडा' म्हणायला आली होती. शब्द जिभेवर होता. पण दुर्गेश्वरीच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही, तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक लग्नात ती पंगतीच्या शेवटी बसत आली होती. रूपेशचा थर घालताना वर गच्चीवर कोणीतरी बाई म्हणाली होती, शामकलाचा चुना आता सुकलाच म्हना. सगळ्या हसल्या होत्या. दुलीचंदही ऐकून न ऐकल्यासारखा उभा होता. ती त्या दिवशी खाली येऊन स्टेशनावरच्या बाकड्यावर बसून राहिली. चमेलीच तेवढी पाणी घेऊन मागे आली होती. ते सगळं तिनं गिळलं होतं, पचलं असंही तिला वाटत होतं. नव्हतं पचलं.

"खरं म्हन्ता, भाऊजी?" तिनं विचारलं.

"आई!" दुर्गेश्वरी ओरडली. "मला नको आहे थर. ते छत पडून राहिलं आहे, आणि तुम्ही अजून वर घालायचं म्हणता?"

"खालून लोखंडी खांब देऊ," टेकचंदजी घाईघाईनं म्हणाले. "टेके लावू. दुसरा इंजिनिअर आनू, शहाना. पातळ घालू थर. नावाले."

"नावाले असला त काय होते मंग," शामकला पुटपुटली. ती मुलीकडे बघत नव्हती. "खांब देऊन राहिले ना ते."

"काकी, सकाळी का बोलल्या तुमी मले?" रूपेशनं विचारलं.

"सकाळी त्यात माह्या पोरीचा थर नव्हता रे."

रूपेशनं काकीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर अशी आशा त्यानं पाहिली नव्हती, आणि ती आपण मोडायची, या विचारानं त्याचं अवसान गळालं. दोघं वडीलधारे एक झाले, आता आपण कोण? असं म्हणून त्यानं हात झटकले. खरं तर त्याला थोडं हलकंही वाटलं. निर्णय झाला होता, आणि तो त्याचा नव्हता.

"घाला मंग," शामकला म्हणाली. "माहा होकार हाय."

टेकचंदजींनी उपरण्यानं डोळे टिपले आणि संध्याला गूळ आणायला सांगितलं. दुर्गेश्वरी आईपासून दूर जाऊन तुळशीजवळ उभी राहिली, पाठ करून. लग्नाचं ठरलं त्या दिवसापासून आई एवढी आनंदात पहिल्यांदाच दिसत होती, आणि तिला त्या आनंदाची भीती वाटत होती.

गुळाचा खडा टिकारामच्याही हातात आला. तो त्यानं तसाच धरून ठेवला.

"मंग टेके लावाले मानसं कवा आनू जी?"

"यात्रा होऊन जाऊ दे. तिथी कळवतो तुले."

"बरं." तो थोडा थांबला. "मी नाई चढत आता. पाय कापतेत माहे. माहा भुपेंद्र जाईल."

शामकलानं मान वर केली. "भुपेंद्र कायले? दुसरं कोनी नाई का?"

"दुसरं कोन येईल, बाई? भादव्यापासून गावचे लोक तिकडून फिरकत नाईत. मजुरी दुप्पट देतो म्हनलं तरी नाई येत." तो कोणाला टोचून बोलत नव्हता. कामाचं सांगत होता. "भुपेंद्रले मी सांगतलं त तो नाई म्हनत नाई. माय गेली तवापासून तो कशालेच नाई म्हनत नाई."

भुपेंद्रला शामकलानं शेवटचं पाहिलं ते चमेलीच्या मातीला. दुर्गेश्वरीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. आईच्या केसांतला चुना तो बोटांनी काढत होता आणि कोणी थांबवायला गेलं तर ऐकत नव्हता. त्याच ओसरीत, त्याच जागी, तो आता तुळईखाली लोखंड उभं करणार होता. कशासाठी? वर तिच्या पोरीनं चुन्याचं घमेलं टाकावं म्हणून. तिला बाकड्यावरचं ते पाणी आठवलं, आणि स्वतःची इतकी किळस आली की तिच्या हातातला गूळ खाली पडला.

"भाऊजी," ती म्हणाली, "माहा होकार मी मागं घेतो."

"काय?"

"थर नोको. पाडून टाका ते."

टेकचंदजी उभे राहिले. "पोरखेळ लावला का? आत्ता हो म्हनली, गूळ वाटला अन् आता नाई?"

"हो म्हनलो, चुकलो. लोभ झाला मले. माही पोरगी वर मिरवल अन् खाली त्याचा पोरगा मरल, असा थर मले नोको." पहिल्यांदाच ती दिराकडे सरळ बघत होती. "पाडा, भाऊजी. पाया पडतो तुमच्या."

"मंग पाडाले माहा होकार नाई," टेकचंदजी म्हणाले. "आयकून घ्या सगळे. माहा जीव हाय तोवर नाई."

"बाबा!" रूपेशला राहवलं नाही. "चमेलीबाई पडली तिथं निळे तुकडे होते. माह्या लग्नाचा थर होता तो, माहा! मी डोळ्यानं पाह्यला. अजून किती दिवस तुमी ओझं नाई, ओझं नाई म्हनसान?"

"गप!" टेकचंदजींचा आवाज फाटला. "ओझं म्हनू नोको त्याले. माह्या आज्यानं बांधलं ते, माह्या बापाचं लग्न हाय त्यात, माहं हाय. ते ओझं असलं, त मंग चमेलीले मी मारलं. मी मारलं असं होते. पाडलं का गावभर तेच होईल, चुकलं होतं म्हनून पाडलं." ते टिकारामकडे वळले, पण त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत. "अन् मी नाई मारलं तिले. सांग त्यायले, टिकाराम. मी नाई मारलं."

टिकारामनं हातातला गूळ पाहिला, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, आणि शेवटी त्यानं तो गार झालेल्या चहाच्या बशीत ठेवला.

दुर्गेश्वरी आईजवळ येऊन उभी राहिली. आता हे दोघं कधीच एक होणार नव्हते, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मोठे बाबा पाडू देणार नव्हते, आई थर घालू देणार नव्हती, आणि दोन्ही होकारांशिवाय एक वीट हलणार नव्हती. तिच्या लग्नात मोठे बाबा मांडवात असतील का, हेसुद्धा आता सांगता येत नव्हतं. या घराला आपलं माणूस मोडलेलं चालत होतं, पण रीत मोडणं काही जमत नव्हतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडून काही होईल असंही वाटेना.

रूपेश दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. संध्या कप गोळा करत होती. उठून जायची हिंमत कोणाला होत नव्हती.

टिकाराम उठला. परतीची गाडी गाठायची होती.

"एक विचारतो जी," तो म्हणाला. "पाडाचं त नाई ठरलं. मंग यात्रेचे लोक येतीन, ओसरीत बसतीन. थंडीचे दिवस, लेकरंबाळं राहतेत संगं. त्यायले बसू देऊ का उठवू?"

"आपल्या दारातून आजवर कोनाले उठवलं नाई," टेकचंदजी खालमानेनं म्हणाले. "बसू दे."

"उठवा," शामकला म्हणाली. "एकालेबी बसू देऊ नोका, टिकारामभाऊ."

टिकारामनं एकदा टेकचंदजींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तुमी दोघंई मालक," तो म्हणाला. "मी कोनाचं आयकू?"

तो उत्तरासाठी थांबला. रूपेशनं मान वर केली नाही. टेकचंदजी बसले आणि अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले. मग टिकारामनं चपला घातल्या, सगळ्यांना जोहार केला आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला. त्यानं मनात काय ठरवलं, हे त्याला कोणीच विचारलं नाही.